साठ काठ्या आणि चार बोटं

मुरुडपासून बोर्ली पंचतनपर्यंत मी बांधलेली एक तरी भिंत पडलेली दाखवा, मी मिशी उतरवीन. जी पडायची ती गिलावा ओला असतानाच पडायची, आणि तिला मी भिंत म्हणत न्हाय.

गवंडी मी झालो तो बापाच्या पुण्याईनं. शाळेत मी एकच दिवस गेलो, तोसुद्धा कौलं परतायला. त्यामुळं आता मी बोलतोय आणि माझी बायको यमुना लिहून घेतेय. ती मध्येच तोंडाला पदर लावून हसते, त्यावरनं मला शंका हाय की मी सांगतो तेवढंच काय ती लिहीत न्हाय. पण आज माझं न्हाय सांगायचं. आज सांगायचं ते आप्पांचं.

आप्पा म्हणजे रावजीशेठ कंत्राटदाराचे कारकून. हा रावजीशेठ संस्थानच्या काळातला मोठा माणूस. धर्मशाळा, बंदराचा धक्का, रस्त्यावरच्या मोऱ्या, शाळा, आमच्या बाजूला जे जे म्हणून दगडाचं उभं हाय, त्यातलं निम्मं त्यानं बांधलेलं. माझा बाप लखू गवंडी त्याच्याच टोळीत. पुढं रावजीशेठ वारला, पोरं मुंबईला गेली, कंत्राटं बंद. स्वराज्य आलं तेव्हा त्या धंद्याचं उरलं काय, तर आमच्या वाडीच्या टोकाला एक जांभ्या दगडाचं गोदाम, त्यात भिंतभर कागद, आणि त्या कागदांना राखत बसलेले आप्पा. पगार न्हाय, मालक न्हाय. नारळाची चार झाडं होती आणि लोकांची पत्रं लिहून द्यायचे, त्यावर पोट. पण रोज सकाळी आंघोळ करून, काळी टोपी घालून, कानावर पेन्सिल खोचून गोदामाचं दार उघडायचे, जसा काय शेठ आतून हाक मारणार हाय.

त्या दप्तरात काय न्हवतं! कुठल्या कामाला चुना कुठल्या खाडीच्या शिंपल्यांचा, त्यात गूळ किती, हिरडा किती, तो किती दिवस भिजवला, पाया किती खोल गेला, खाली कातळ लागला का मुरूम. एकेका कामाचे कागद लाल फडक्यात बांधलेले. त्याला ते रुमाल म्हणायचे. मी पहिल्यांदा ऐकलं, "गणपत, तो धर्मशाळेचा रुमाल दे," तेव्हा मी खांद्यावरचा माझा घामाचा रुमाल काढून दिला. आप्पांनी तो दोन बोटांत धरला, वास घेतला आणि म्हणाले, "हे कुठलं बांधकाम?"

पावसाळा सरला की सगळे रुमाल सोडून कागद अंगणात उन्हाला घालायचे. वारा उडवू नये म्हणून प्रत्येकावर दगड. पण तो दगड असातसा न्हाय. ज्या कामाचा कागद, त्याच कामातला दगड. धक्क्याच्या कागदावर धक्क्याचा काळा पत्थर, शाळेच्या कागदावर शाळेचा जांभा. मला काय ठाऊक? मी शेजारी गडगा घालत होतो, एका फटीला बरोबर बसेल असा दगड मिळेना. अंगणात दिसला, उचलला, बसवला. चांगला बसला. चार दिवसांनी आप्पा छत्री टेकत आले आणि चाळीस हात गडग्याकडं नुसतं बघत उभे राहिले. मग छत्रीचं टोक नेमकं एका दगडावर ठेवलं.

"हा आमचा."

"आप्पा, दगड तो दगड. दुसरा देतो ना."

"गणपत, हा मोरीचा दगड आहे. तुझ्या बापानं घडवलाय. बघ, टाकी तिरकी मारलीय, तो डावखुरा होता."

बघितलं तर खरंच तिरके घाव. बापाचा हात मला ओळखू आला न्हाय, आप्पांना आला. दगड काढला. त्याच्याबरोबर गडगाही आला, तो भाग वेगळा.

त्यांचा एक बोल होता: "बोललेलं वारा नेतो. लिहिलेलं खायला वाळवीलाही वर्ष लागतं." आणि कुणी काही थाप मारली की एकच प्रश्न, "नोंद आहे?" हसनमियां मचवेवाला, आमच्या वाडीतला सगळ्यात लांब जिभेचा माणूस, एकदा सांगत होता की त्याच्या आजानं हातानं मगर मारली. आप्पा म्हणाले, "नोंद आहे?" हसनमियां म्हणाला, "आप्पा, मगरीच्या घरी असेल. जाऊन बघता का?" आप्पा इतके हसले की टोपी पडली. पण मगर काय त्यांनी मानली न्हाय.

लोक त्यांच्याकडं वय विचारायला यायचे. खोटं न्हाय सांगत. जन्माची कागदं कुणाकडं होती? पण रावजीशेठच्या हजेरीत गैरहजेरीचं कारण लिहायचा रिवाज होता. 'धोंडू गैरहजर. कारण, धोतर एकच, ते वाळले नाही.' 'पांडू गैरहजर. कारण, सासू आली.' दुसऱ्या दिवशी, 'पांडू गैरहजर. कारण, सासू गेली नाही.' अशात कुणाचं लग्न, कुणाचं बारसं सगळं सापडायचं. मी म्हणालो, आप्पा, माझं बघा. त्यांनी दोन दिवस पानं उलटली आणि तिसऱ्या दिवशी मला हाकारत रस्त्यापर्यंत आले, एवढा आनंद. "सापडलास! सापडलास रे!" मीपण धावलो. चार माणसं जमली. आप्पांनी चष्मा लावून वाचलं, 'लखू गवंडी. अर्धा दिवस गैरहजर. कारण, मुलगा झाला. मूल पाहून दुपारी परत हजर.'

हसनमियां म्हणाला, "गणपत, बापानं तुला बघितलं आणि लगेच कामावर पळाला. हुशार माणूस."

आता एसटीची गोष्ट. आमच्याकडं पहिल्यांदा एसटी यायची ठरली तेव्हा अख्खी वाडी रस्त्याला. आंब्याची पानं, पताका, हार, यमुनेनं गाडीला ओवाळायला तबक सजवलेलं. आणि गाडी वाडीच्या अलीकडं ओढ्यावरच्या मोरीपाशी येऊन थांबली. तपासणीचा साहेब खाली उतरला, मोरी बघितली आणि म्हणाला, "जुनं बांधकाम आहे. बैलगाडीपुरतं ठीक. गाडी जाणार नाही."

बायकांची तोंडं उतरली. आप्पांचं न्हाय. आप्पा गोदामाकडं गेले ते रुमाल घेऊनच आले, आणि रस्त्यात उभं राहून साहेबाला वाचून दाखवायला लागले. पाया इतका, कातळात खाच इतकी, चुना एकवीस दिवस भिजवलेला. साहेब तसा भला माणूस. म्हणाला, "आजोबा, कागदानं पूल उभा राहत नाही."

"बरोबर," आप्पा म्हणाले. "माणसानं राहतो." आणि कागद माझ्या हातात देऊन, धोतर खोचून, ते उतरले खाली ओढ्यात आणि मोरीच्या कमानीखाली जाऊन बसले. तिथनं आवाज आला, "आता आणा गाडी!"

तो रावजीशेठचा रिवाज होता. कमान बांधून झाली की खालचा लाकडी आधार ज्या दिवशी काढायचा, त्या दिवशी कंत्राटदार आणि गवंडी दोघांनी कमानीखाली उभं राहायचं. पडली तर आधी त्यांच्या डोक्यावर. हे आप्पांनी खालूनच ओरडून सांगितलं आणि पुढं म्हणाले, "गणपत, ये! कमान तुझ्या बापानं बांधलीय! शेठच्या जागी मी, लखूच्या जागी तू!"

सगळी वाडी माझ्याकडं बघतेय. माझा माझ्या बापावर पुरा विश्वास होता. पण म्हटलं, कुणीतरी आप्पांची छत्री धरायला पाहिजे. ती धरून मी पन्नास पावलं लांब शेतात जाऊन उभा राहिलो.

ड्रायव्हरनं देवाचं नाव घेतलं, गाडी रिकामी केली आणि घातली. घर्र घर्र करत ती मोरीवर चढली. मी डोळे मिटले. उघडले तर गाडी पलीकडं, बायका ओरडतायत, आणि खालून आप्पा टोपीवरची धूळ झटकत वर येतायत, एवढे खूश, की जणू गाडी त्यांनीच पाठीवर घेतली होती. यमुनेनं तबक घेऊन आधी त्यांना ओवाळलं, मग गाडीला. मला न्हाय ओवाळलं.

त्याच साली आप्पांनी गोदामात बायकांना अक्षरं शिकवायला घेतली. पुस्तक न्हवतं, मग दप्तरच पुढ्यात. दुसरीकडं पोरं कमळ, बदक शिकत असतील, आमच्या बायका शिकल्या चुना, रेती, दगड, गवंडी. यमुना तीन महिन्यांत वाचायला लागली. मला आप्पा म्हणाले, तूही बस. मी म्हटलं, "घरात एकानं शिकलं की पुरे." त्या वाक्याची किंमत मी अजून मोजतोय, कारण आता माझ्याबद्दल कुठं काय लिहिलंय ते मला तिलाच विचारावं लागतं.

आता खरी गोष्ट येते, आणि ती माझ्या हातच्या एकमेव सफाईदार कामाची हाय.

गोदामाच्या दाराचा अडसर कुजून पडला होता. एक दिवस कुणाची तरी शेळी आत शिरली आणि धक्क्याचं एक पान खाऊन गेली. आप्पांनी तिथं शेरा लिहिला, 'पान तेवीस शेळीने खाल्ले,' पण त्या दिवशी ते जेवले न्हायत. मला म्हणाले, "गणपत, चांगला अडसर करून दे." आणि गेले बोर्लीच्या बाजारात शाई आणायला.

मी आत शोधलं तर कपाटामागं एक काठी उभी. पुरुषभर उंचीच्या वर, शिसवी, जुनी, सरळ म्हणजे किती सरळ! दोन्ही टोकांना पितळी टोपणं. म्हटलं, असला अडसर तर नवाबाच्या दाराला नसेल. लावून बघितली, भिंतीतल्या खोबणीत बसेना. चार बोटं जास्त. मी एका बाजूचं टोपण हळूच काढलं, करवतीनं चार बोटं लाकूड कापलं, टोपण परत ठोकलं, वर तेल लावलं. बसली! अशी बसली की मी स्वतःलाच शाबास म्हणालो.

आप्पा परत आले, दाराकडं बघितलं आणि पिशवी हातातनं सुटली. "अरे! ही शेठची मोजणीची काठी! हिच्यावर सगळी मापं घेतलीयत!" त्यांनी ती काढली, दोन्ही टोपणांवरनं अंगठा फिरवला. मी करवत पाठीमागं धरून उभा. मग ते म्हणाले, "टोपणं शाबूत आहेत. म्हणजे काठी शाबूत. असू दे. डोळ्यांसमोर तरी राहील."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. पण म्हटलं, चार बोटं ती काय! मी घराच्या भिंती हातभर वाकड्या बांधल्यात, लोक त्यात सुखानं राहतायत.

पुढं दोन-तीन वर्षांनी उधाणात खारबांध फुटला, दर्याचं पाणी शेतात आलं आणि आमची विहीर खारट झाली. चहा प्यावा तर सार प्यायल्यासारखा. बायका मैलभर दुसऱ्या वाडीला पाण्याला जायच्या आणि तिथल्या बायकांची बोलणी खाऊन यायच्या. यमुना दोन हंडे डोक्यावर घेऊन यायची आणि माझ्याशी न बोलता चुलीपाशी बसायची.

आप्पांनी सगळं दप्तर उपसलं आणि एक दिवस हातात कागद नाचवत वाडीभर फिरले. धर्मशाळा बांधताना दगडासाठी खणलं तिथं गोड्या पाण्याचा झरा लागला होता. रावजीशेठनं त्यावर टाकं बांधलं, कामाला पाणी वापरलं, आणि काम संपल्यावर गुरं पडू नयेत म्हणून वर फरशा टाकून बंद केलं. तेव्हा वाडीची विहीर गोड होती, टाकं कोण लक्षात ठेवतो? पण नोंद होती. 'धर्मशाळेच्या डोंगराकडील कोपऱ्यापासून खिंडीच्या रोखाने सरळ साठ काठ्या. गोडे पाणी. वर तीन फरशा.'

लोक म्हणाले, बघू. भात झोडून झालं की बघू. पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदासाठी कोण खणणार?

आणि तेवढ्यात मुंबईहून वसंतशेठ आला. रावजीशेठचा नातू, पॅंट, गॉगल, स्वभावानं वाईट न्हाय पण घाईतला. गोदाम त्यानं एका सुपारीच्या व्यापाऱ्याला द्यायचं ठरवलं होतं. रद्दीसाठी बैलगाडी सांगूनच आला होता.

"आप्पा, तुम्ही खूप केलंत. पण हे आता काय कामाचं? पुड्या बांधायला तरी जाईल."

आप्पा दारात उभे राहिले. मी त्यांना कधी हात जोडलेले बघितले न्हवते. तेव्हा जोडले. "वसंतराव, यात वाडीचं पाणी आहे."

"मग काढून दाखवा," वसंतशेठ म्हणाला. "मी संध्याकाळच्या एसटीनं जाणार. तोवर पाणी निघालं तर दप्तर राहील, गोदामही राहील. नाहीतर गाडी भरायची. कबूल?"

"कबूल," आप्पा म्हणाले. आणि माझ्याकडं वळले. "गणपत, अडसर काढ."

काढताना माझा अंगठा कापलेल्या टोकाच्या टोपणावर गेला. पण परत म्हटलं, चार बोटं ती काय!

सगळी वाडी निघाली. आप्पा धर्मशाळेच्या कोपऱ्याला काठी टेकवून बसले, जसा काय सत्यनारायण मांडतायत. एक काठी, खूण. दुसरी काठी, खूण. यमुना मोठ्यानं मोजत होती, पोरं तिच्यामागं ओरडत होती, सत्तावीस! अठ्ठावीस! साठावी काठी एका करवंदीच्या जाळीपाशी संपली. आप्पांनी तिथं टोपी ठेवली. "इथे."

आठ जण लागलो खणायला. गुडघाभर गेलो, मुरूम. कमरेएवढं गेलो, मुरूम. वरनं हसनमियां विचारतोय, "लागलं काय रे?" खालून आम्ही, "लागलं, माझ्या कोपराला!" आधी लोक हसत होते. मग हसणं बंद झालं. छातीएवढं गेलो. कोरडा मुरूम. ऊन कलायला लागलं. बायका एकेक करून हंडे उचलून दुसऱ्या वाडीच्या वाटेला लागल्या. वसंतशेठनं घड्याळ बघितलं.

आप्पांनी टोपी उचलली, झटकली. हळू आवाजात म्हणाले, "नोंद चुकली असेल."

मी खड्ड्यात होतो. मला वाटलं वरची सगळी माती माझ्यावर पडली. आप्पांनी शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या, सवय हाय. पण त्या माणसानं, ज्यानं मोरीखाली बसून एसटी डोक्यावरनं नेली, त्यानं म्हणावं नोंद चुकली असेल? ते गोदामाकडं चालू लागले. रुमाल बांधायला. स्वतःच्या हातानं गाडीत भरायला.

मी खड्ड्यातनं चढायला गेलो, पाय घसरला, परत पडलो. दुसऱ्यांदा चढलो आणि धावत जाऊन त्यांच्या पुढ्यात उभा राहिलो, अंगभर माती.

"आप्पा, नोंद न्हाय चुकली. काठी चुकली. मी कापली."

"काय कापलं?"

"काठी. अडसर बसेना म्हणून. टोपण काढून कापली, परत ठोकलं."

मला वाटलं आता छत्री डोक्यात बसणार. मी मान पुढं करूनच उभा होतो. पण आप्पांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट, की मला वाटलं मोडतंय.

"किती? किती कापलीस?"

"चार बोटं."

"कुणाची? तुझी? दाखव, दाखव हात!" त्यांनी माझी चार बोटं आपल्या बोटांशी लावून बघितली आणि तिथंच जमिनीवर बसले. काडीनं मातीत आकडे. "चार बोटं एका काठीला. काठ्या साठ. साठ चोक दोनशे चाळीस. चोवीस बोटांचा हात... अरे, दहा हात! गणपत, दहा हात अलीकडे खणलंत! दहा हात!"

आणि आप्पा पळाले. सत्तरीचा माणूस, धोतराचा काष्टा सुटलेला, एका हातात काठी, दुसऱ्या हातात टोपी, खिंडीच्या दिशेनं. "आणा पहार! यमुने, बायकांना मागं बोलाव! वसंतराव, गाडी थांबवा!" त्यांच्यामागं पोरं, पोरांमागं कुत्री, कुत्र्यांमागं मी. वसंतशेठ गॉगल हातात घेऊन पळत होता, हे मी डोळ्यांनी बघितलं.

खड्ड्यापासून दहा हात पुढं, काजूच्या झाडाखाली. हसनमियांनी पहार घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खाली ठण्ण वाजलं. मातीत पहार अशी वाजत न्हाय. सगळेच एकदम खणायला लागले, हातानं, करवंट्यांनी, एक म्हातारी तर चपलेनं. तीन फरशा. घडीव, काठाला तिरके टाकीचे घाव. ते घाव आता मला ओळखू आले.

मधली फरशी चौघांनी उचकटली. आतनं गार वारा आला. आणि खाली काळं, चमचमणारं पाणी, हलणारं.

कुणाला प्यायचा धीर होईना. यमुना पुढं झाली, दोरीला तांब्या बांधून सोडला, वर काढला, ओंजळीत घेऊन चाखलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघतोय. तिनं डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, "गोड हाय."

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत न्हाय. ढोल कुठनं आला ते कळलं न्हाय. हसनमियां वसंतशेठला मिठी मारत होता. वसंतशेठची एसटी गेली, त्याला पत्ताच न्हाय. तो ओंजळ पुन्हा पुन्हा भरून पीत होता आणि म्हणत होता, "आजोबांचं पाणी, आजोबांचं." मग आप्पांना म्हणाला, "गोदाम कुठे पळून जात नाही. राहू दे दप्तर." रद्दीच्या बैलगाडीतनं त्या दिवशी हंडे वाहिले.

आणि आप्पा? ते काजूखाली बसून, पेन्सिल थुंकीनं ओली करून नोंद करत होते. मी जवळ गेलो. "आप्पा, माझं नाव लिहिलंत?"

वर न बघता म्हणाले, "लिहिलं."

बस! मी वाडीत सांगितलं, बोर्लीच्या बाजारात सांगितलं, मुरुडला एका लग्नात नवऱ्यामुलाच्या बापाला धरून सांगितलं की माझं नाव रावजीशेठच्या दप्तरात हाय, जिथं माझ्या बापाचं हाय तिथं. वही आप्पांच्या कपाटात, कुलपात. बघणार कोण? चार-पाच वर्षं मी त्या नावावर छाती काढून चाललो.

मग आप्पांचे डोळे गेले, म्हणजे जात आले. उरणहून भाचा न्यायला आला. जायच्या दिवशी त्यांनी कपाटाची चावी यमुनेच्या हातात दिली. "रोजची नोंद करत जा. मोरी ठीक, टाकं ठीक, एवढं लिहिलं तरी पुरे." मला म्हणाले, "गणपत, तू नुसता कशाला हात लावू नकोस."

एसटी निघाली. मी आणि यमुना टाक्यावर न्यायचा हंडा घेऊन रस्त्याला उभे. मोरीपाशी जाऊन गाडी एकदम थांबली. आम्हाला वाटलं बिघडली. बघतो तर आप्पा उतरले, भाचा मागनं "मामा, मामा" करतोय. छत्रीनं चाचपत ते ओढ्यात उतरले, कमानीखाली गेले. थोडा वेळ नुसती टोपी दिसत होती. बोटांच्या पेरांनी दगडावर वाजवून बघत होते, ठक, ठक, ठक. मग वर आले, कंडक्टरला काहीतरी बोलले, आणि गाडी मोरीवरनं गेली.

आम्ही तसेच गोदामात आलो. यमुनेनं कपाट उघडलं. मी म्हटलं, "आधी ते माझं नाव दाखव." तिनं पान काढलं, बोट फिरवत वाचलं. 'टाके सापडले. पाणी गोडे. खणणारे,' आणि आठ नावं. मी आठातच होतो, पण माझं नाव त्यात न्हवतं. नववं नाव होतं, 'पहिले पाणी चाखणारी, यमुना.' आठात माझ्या जागी हसनमियां होता. काजूच्या झाडाचीसुद्धा नोंद होती.

"आणि मी?"

तिनं पान उलटलं, अजून एक उलटलं. तिथं वर लिहिलं होतं, 'मोडतोड.' ती वाचायला लागली आणि तिनं तोंडाला पदर लावला. 'मोजणीची काठी, नग एक. चार बोटे तोकडी. कसूर, गणपत लखू गवंडी. शेरा: काठी यापुढे फक्त अडसर म्हणून वापरावी. गवंड्यास मोजणीचे काम देऊ नये.'

मी म्हटलं, "आप्पांनी असं लिहावं? इतक्या वर्षांची ओळख!"

यमुनेनं वही मिटली, कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली आणि म्हणाली, "खरं तेच लिवलंय. उचला तो हंडा."